धूप आणि धूर

रेशीमकिड्यांचे अंडीपुंज पन्नास, रुपये बत्तीस. बांबूच्या परड्या आठ, रुपये चाळीस. कोष विणायच्या चंद्रिका चार, खात्याच्या, परतीच्या बोलीवर. अंडीपुंज ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर आणि बाकी सामान बसच्या टपावर, असे रेशीम खात्यातले देवराव सर प्रथम आमच्या गुडीहत्नूरच्या घरी आले. त्यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत.

सासूबाईंनी त्यांच्यासमोरच मला बजावलं, "एक खेप करून पाह्य. बिघडली तं खोली खाली कर. तुती उपटून कापूस लावू."

सरांनी नियम सांगितले : हात धुऊन तुतीचा पाला टाकावा, तंबाखूचा, चुलीचा धूर किंवा फवारणीचा वास आत येऊ देऊ नये. मी सगळं वहीत उतरवलं आणि पाळलं. तरी चौथी कात टाकल्यावर अळ्यांनी पाला सोडला, हिरवं पाणी ओकू लागल्या. मी आदिलाबादला सरांच्या कचेरीत निरोप धाडला. सर दुपारच्या बसने आले आणि दाराशीच थबकले.

"वहिनी, इथं काय जाळता?"

"काही नाही सर. चूलसुद्धा मागच्या पडवीत नेली. फक्त सकाळ-संध्याकाळ धूप दाखवते. घरात लक्ष्मी आली म्हणून."

देवाच्या धुपाला मी जन्मात कधी धूर म्हटलं नव्हतं. सासूबाई मागेच उभ्या होत्या.

सर त्यांच्याकडे वळले. "आजी, चूक माझी. मी धूर म्हटलं, धूप म्हटलं नाही."

"देवाले खोकला येत नाही, मंग किड्यांले काऊन येते?"

"देव मोठा आहे, सोसतो. यांचं सारं अंगच नाक."

सासूबाई हसल्या. सरांनी खिडक्या उघडल्या, आजारी अळ्या वेचून काढल्या, चुना भुरभुरला आणि परतीची बस खुशाल जाऊ दिली. सकाळी बाकीच्या अळ्या पाल्यावर चढल्या होत्या. "खाऊन राह्यल्या व," सासूबाई म्हणाल्या. मी देवापुढे नुसते हात जोडले. तुती राहिली.

सरांनी असे किती जणांना सांभाळून घेतले असेल. इंद्रवेल्लीकडे टसर रेशमाचे किडे ऐनाच्या झाडावर वाढवतात. तिथे एक गृहस्थ सरपणासाठी ऐन तोडायला निघाले, तर सर म्हणाले, "झाड एकदाच विकता येते, कोष दरसाल." तो ऐन आजही उभा आहे. आमच्या घरी मात्र बिनसाखरेच्या चहापलीकडे त्यांनी कधी काही घेतलं नाही.

परमेश्वर त्यांना धडधाकट पायांचं, स्वच्छ नजरेचं मोठं आयुष्य देवो आणि आमच्या बांधावर त्यांचं येणं-जाणं चालू राहो.

गौरवग्रंथ काढणाऱ्या मंडळींना एक विनंती. अळ्या शेवटच्या खाण्यावर असताना घरी एकीला थांबावंच लागतं, आणि ती एक मी, असं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं आहे. तरी सत्काराचा दिवस कृपया उलट टपाली कळवावा, म्हणजे अंडीपुंज त्या बेताने मागवू आणि आम्हां दोघींनाही येता येईल.