मुठीतले तांदूळ

चमत्काराच्या गोष्टी मला आवडत नाहीत. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, पण उडते घोडे आणि बोलती झाडं आली की मी पुस्तक मिटते. तसल्याच गोष्टींचा एक संग्रह मात्र माझ्या कपाटात आहे आणि तो मी कुणालाही वाचायला देत नाही.

तो घेतला होता माझ्या थोरल्या बहिणीसाठी. पोटाच्या कॅन्सरने ती कर्जतजवळ कळंबला आपल्या घरी अंथरुणाला खिळली होती. मी कर्जतहून गाडी करून तिला मुंबईला केमोला न्यायचे. परतल्यावर कितीतरी दिवस तिच्या पोटात पाणी ठरायचं नाही. तेवढा वेळ निघावा म्हणून मी वाचून दाखवू लागले.

पहिल्याच दिवशी तिने सुनेकडून तांदूळ मागून घेतले. श्रावणात कहाणी ऐकताना आम्ही मुठीत अक्षता धरतो आणि कहाणी पुरी झाली की देवाला वाहतो.

"ताई, ही कहाणी नाय गं. बनवलेल्या गोष्टी हायत."

"मग कहाण्या काय घडल्या होत्या?"

मास्तरीणबाईंनी पुस्तक उघडलं.

एका गोष्टीत नदी रुसून डोंगरावर राहायला जाते. एकीत एक माणूस स्वतःचा हरवलेला आवाज शोधत हिंडतो. ताई मूठ आवळून ऐकायची, मधेच लेखकाला शिव्या घालायची. मला वाटलं, औषधाने नाही तर याने तरी तग धरेल.

मग कणगीची गोष्ट आली. एक बाई आपलं मरण भाताच्या कणगीत कोंडते आणि वरून शेणाने लिंपून टाकते. गावात कुणीच मरेनासं होतं. पण शेतातला भातही पिकेना, हिरवा तो हिरवाच. पोरं भुकेने रडतात, मरत नाहीत, नुसती रडत राहतात. लेखकाने हे अगदी थंडपणे लिहिलंय. शेवटी ती बाई उठते, लिंपणावर हात ठेवते...

ताईने मूठ उघडली. तांदूळ घामाने ओले झाले होते.

"अगं, गोष्ट संपली नाय अजून."

"माझी झाली. उद्याची गाडी नको सांगूस."

मी भडकले. पुस्तक आपटलं, तिला भित्री म्हणाले, तिच्या मुलाला हाका मारल्या. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी वरून लिंपताय गं, पण आत मी हाय. सोडा मला."

गाडी मी सांगितली नाही. भात कापणीला यायच्या आत ती घरीच गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी तिच्या खोलीत बसून उरलेलं पान वाचलं. मरण कणगीतून बाहेर येतं आणि आधी प्यायला पाणी मागतं. बाई त्याला तांब्या देते, शेजारी ओटीवर बसते. समोर भात पिवळा व्हायला लागतो. याहून चांगली गोष्ट मी वाचलेली नाही आणि लेखकावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

वाचताना मीही मुठीत तांदूळ धरले होते. गोष्ट पुरी झाली. मूठ काही उघडेना.