टकटकीच्या पुस्तकाचं शेवटचं पान

त्याला सगळे कात्री म्हणत. ऑडिओबुकं तयार करणं हा त्याचा धंदा. वाचणारी त्याची बायको, आणि त्यातले खोकले, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुडगुड छाटणारा हा. बावीस वर्षं दोघांनी दुसरं काही केलं नाही. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आणि मधोमध काच. पलीकडे ती, अलीकडे हा. काम चालू असताना फ्रिज बंद ठेवावा लागे, कारण त्याची घरघर माइकला ऐकू येई. नंतर तो चालू करायची आठवण राहावी म्हणून कात्री स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवी. तरी वर्षातून दोनदा दूध नासायचंच, आणि त्यावरून दोघांची मनसोक्त जुंपायची.

कामाची त्यांची एक पद्धत होती. ती अडखळली की हा दोन वाक्यं मागे जाई, ती दोन वाक्यं तिच्या कानात वाजवी, आणि वाक्यं संपताक्षणी बायको पुढचं वाक्य नव्याने वाची. नवं जुन्यावर चढे, जुनं कायमचं पुसलं जाई. इतर लोक चुकलेल्या फाइली साठवतात आणि मागाहून निवडत बसतात. कात्री त्यांना हसे. ‘चूक ठेवायचीच कशाला?’ हे त्याचं म्हणणं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

एका मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं, गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल बहुतेक, आवाज राहणार नाही. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. कात्री जिन्यातच म्हणाला, “घाबरू नकोस.” घरी येऊन कुलूप उघडताना पुन्हा म्हणाला. मग चहा टाकताना म्हणाला. त्याच्या हातून साखर दोनदा पडली, ते तिने पाहिलं.

प्रकाशनाच्या मॅडमचा फोन आला. हातात तीन पुस्तकं होती. “ताई, तुम्ही आराम करा, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ.”

“एक मी वाचणार,” ती म्हणाली. “ते दाराचं.”

ते दाराचं म्हणजे एका नव्या लेखिकेची पहिलीच कादंबरी, भयकथा. कात्रीचं डोकं फिरलं. ललित लेखांचं एक हसरं पुस्तक पडून होतं, एका कारखानदाराचं चरित्र होतं, आणि हिला आयुष्यातलं शेवटचं वाचन म्हणून भुताटकी हवी!

“भूत नाहीये त्यात,” ती म्हणाली. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. “रोज संध्याकाळी सात वाजता एका घराच्या दारावर टकटक होते. उघडलं तर कुणी नसतं. बस, एवढंच.”

“मग त्यात वाचायचं काय?”

“घरातली माणसं. ती सातला टीव्ही मोठा करतात. दाराला नवा रंग देतात. मुलीचं लग्न उरकतात. टकटकीबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढत नाहीत. आपण आधी वाचली ना ती भुताची पुस्तकं, त्यात शेवटी कुणीतरी जाणता येतो आणि भूत घालवतो. इथं कुणी येत नाही. भीती घरातच राहते आणि बाई कुकर लावते. अरे, इतकं खरं मी कुठल्या चरित्रात नाही वाचलं.”

“तुला अशा वेळी हेच बरं सुचतं.”

“अशाच वेळी सुचतं. धीराची पुस्तकं धडधाकट माणसांसाठी. मला सोबत हवीय.”

कात्रीने हात टेकले. बुधवारपासून काम सुरू झालं. आवाज दिवसाला जेमतेम दीड तास टिके. कोमट पाणी, वाफ, पुन्हा दोन पानं. शेजारणीचा मिक्सर सुरू झाला की कात्री खिडकीतून हात जोडी. शुक्रवारी ती रक्ताची गुळणी टाकून परत माइकसमोर बसली, तेव्हा तो काचेवर थाप मारून म्हणाला, “पुरे. मरायचंय का?” तिने बोटानेच पुढचं पान दाखवलं. चांगलं वाचत होती ती, फार चांगलं; बावीस वर्षांत असं वाचन त्याने ऐकलं नव्हतं. दर अर्ध्या तासाने तो म्हणे, “घाबरू नकोस, सगळं नीट होईल.” ती मान हलवी आणि पाणी पिई.

रविवारी दुपारी शेवटचं प्रकरण उरलं. त्या प्रकरणात एके दिवशी सातला टकटक होतच नाही. साडेसात होतात, आठ होतात. घरातली माणसं पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ती बाई उठते, दाराशी जाते आणि आतूनच दार वाजवते.

कात्रीचे डोळे संहितेवर होते. ‘ती दाराशी गेली’ इथवर बायकोने वाचलं. मग संहितेत नसलेलं काहीतरी कानावर आलं. संहितेत नाही म्हणजे चूक. हाताला मेंदूला विचारायची सवयच उरली नव्हती. बोट गेलं, दोन वाक्यं मागे, तिच्या कानात वाजली. आणि तिनेही, कानात स्वतःचा आवाज पडताच, बावीस वर्षांच्या सवयीने पुढचं वाक्य उचललं. गाल ओले झालेले, आवाज चिरलेला, पण एकही शब्द न चुकवता तिने पुस्तक संपवलं.

मग दोघांनी काचेतून एकमेकांकडे पाहिलं, आणि तेव्हा त्याला उमगलं. तिने कागद खाली ठेवले होते, थेट त्याच्याकडे बघून ती काहीतरी बोलली होती. “हे कापू नकोस,” एवढी सुरुवात त्याला आठवत होती. त्यापुढे चार-पाच शब्द होते. त्याच्या कानांनी फक्त ते संहितेत नाही एवढं टिपलं होतं.

“परत बोल,” तो धावत आत गेला. “अगं, परत बोल ना.”

तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली. पाणी, वाफ, मध, सगळं झालं. संध्याकाळपर्यंत तो संगणकाचा कानाकोपरा उपसत बसला, मॅडमच्या ओळखीतल्या संगणक दुरुस्तीवाल्याला फोन करून रडला. जुन्यावर नवं चढलं होतं. जे काम तो उत्तम करायचा, तेच त्याने उत्तम केलं होतं.

सकाळी तिला ऑपरेशनसाठी आत नेलं. चौथ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, गळ्यात नळी, मांडीवर वही. त्याने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, बसल्याबरोबर विचारलं.

तिने लिहिलं : ‘मला खूप भीती वाटतेय, एवढंच म्हणाले होते.’

त्याच्या तोंडाशी ‘घाबरू नकोस’ आलं होतं. ते त्याने गिळलं. तिचा हात धरून म्हणाला, “मलाही. त्या मंगळवारपासून. तू झोपलीस की बाथरूममध्ये नळ सोडून बसायचो मी.”

तिने हात सोडवून घेतला, पेन उचललं आणि लिहिलं : ‘मग मला आवाज होता तेव्हा का नाही बोललास?’

वही त्याच्याकडे वळवून ती उत्तराची वाट बघत राहिली. बोलता येत होतं ते आता फक्त त्याला.