आत न येताच बाहेर गेलेली बैलगाडी

फोन आला तेव्हा मी पुण्यात कंपनीतल्या चाळीस नव्या पोरांपुढं उभा राहून विश्वनाथची गोष्ट सांगत होतो, माझी म्हणून. "विश्वनाथ गेला रे. सकाळीच, हार्ट अटॅकनं," पलीकडून त्याचा चुलतभाऊ बोलला. मी खुर्चीत बसलो. पोरांना वाटलं, सर रंगवायला थांबलेत... मागून एकानं विचारलंही, "मग सर, त्या बैलगाडीचं काय झालं?"

याला दीड महिना झाला. त्याचं कौतुक करायला लिहितोय असं समजू नका. कौतुक त्याचं जन्मभर झालं आणि ते ऐकून माझे कान किटले. आम्ही दोघं केजचे, एका बाकावरचे. मी वर्गात इतकं बोलायचो की गुरुजींना शिकवायला सुट्टीचा दिवस शोधावा लागे. हा दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि गुरुजींच्या ध्यानात नेमकी ती चार राहायची. पुढं पुण्यात एकाच कंपनीत लागलो. तिथंही मी बोललो की टाळ्या पडत, आणि टाळ्या वाजवून झाल्या की तेच लोक त्याच्या टेबलाशी जाऊन हळूच विचारत, "हे खरंच चालेल ना?" आमचं काम जावा या संगणकाच्या भाषेतलं, मोठ्या सर्व्हरवरचं. बाहेरून निरोप येतात, रांगेत थांबतात; ते उचलून पुढं कामाला लावणारे आत बसवावे लागतात, त्यांना लिसनर म्हणतात. किती बसवायचे, निरोप बिघडला तर परत किती वेळा उचलून बघायचा, हे एका फायलीत लिहायचं. एवढंच! पण ती फाइल विश्वनाथनं लिहिली की लोक तिला हात लावायला भ्यायचे, आणि मी लिहिली की आधी बॅकअप घ्यायचे.

वडील थकले म्हणून तो केजला परतला आणि दुकानाच्या माडीवरून काम करू लागला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात कंपनीला आपल्याच भागातल्या एका साखर कारखान्याचं काम मिळालं आणि ते आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं. उसाची गाडी फाटकातून आत आली की एक निरोप, रिकामी होऊन बाहेर गेली की दुसरा. लिसनर बसवणं माझ्याकडं होतं. मी शंभर बसवले. शंभर! आकडा कसा भारदस्त दिसला पाहिजे. हंगामाच्या पहिल्याच दिवशी फाटकावरचं नेट सकाळभर बंद पडलं, आणि आलं तसे साठलेले सगळे निरोप एकदम आत घुसले. शंभर जणांनी शंभर निरोप उचलले. 'आली' म्हणणारा रेंगाळला, 'गेली' म्हणणारा पुढं पळाला. पडद्यावर एक बैलगाडी आत न येताच बाहेर गेली. मग, जाऊन झाल्यावर, आत आली आणि यार्डात मुक्कामालाच राहिली. दुपारपर्यंत पडद्यावरचं यार्ड तुडुंब, आणि खऱ्या यार्डात कुत्री ताणून झोपलेली. जागा नाही म्हणून फाटक उघडेना, बाहेर गाड्यांची रांग. सांगताना ती रांग मी थेट धर्मापुरी गावापर्यंत नेतो. फर्लांगभर तरी नक्की होती. शेवटी केजला फोन लावला.

"किती लावलेस बे?"

"शंभर."

"कावून?"

"मोठं काम हाय म्हणून..."

तो म्हणाला, "एक लाव."

"एक? लोक हसतील की बे!"

"हसू दे. आली आधी, गेली नंतर. एकामागं एक चालू दे."

एक लावला. पडद्यावर अडकलेल्या गाड्या त्यानंच माडीवर बसून एकेक करून बाहेर काढल्या. तासाभरात फाटक उघडलं. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "कुणी सोडवलं?" मी म्हणालो, "मी." तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच खरं वाटलं. त्यावर बढती मिळाली, भाषणं मिळाली. गोष्टीत शंभर लावणारा 'माझा एक मित्र' झाला, आणि 'एक लाव' म्हणणारा मी. विश्वनाथ कधी काही बोलला नाही. त्याला माहीत होतं का? इतकी वर्षं हाच एक काटा.

म्हणून परवा केजला गेलो, सुनंदावहिनींना सगळं सांगून टाकायचं ठरवून. माडीवर त्यांनी चहा ठेवला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "भावजी, ती कारखान्याची गोष्ट हे लई हसून सांगायचे. म्यांच येड्यासारखे शंभर लावले, आन् माझ्या दोस्तानं एका शब्दात सोडवलं म्हणून. एरवी बोलायचे न्हाईत, पर ती निघाली की थांबायचे न्हाईत."

म्हणजे माहीत होतं! माझा घोळ स्वतःच्या अंगावर घेऊन तो घरात हसत होता. खोटं बोलणं हे एकच माझं राखीव रान होतं. तिथंही येऊन बसला, आणि माझ्यापेक्षा सरस बोलून गेला, कारण त्याचं लोकांना खरं वाटायचं. मी चिडून म्हणालो, "वहिनी, उलटं आहे. शंभर माझे होते. एक म्हणाला तो विश्वनाथ."

वहिनींचे डोळे भरून आले. आत सासूबाईंना हाक मारून म्हणाल्या, "आत्याबाई, ऐकलंत का? हे म्हणायचेच, त्याला इचारलं तर तो माझ्याच नावावर ढकलंल, लई मोठ्या मनाचा हाय."

मग टेबलामागची त्याची खुर्ची पुढं ओढून त्यांनी मला बसवलं. बसलो. त्याच्या उंचीला लावलेली होती ती. यात एका शब्दाचीही भर नाही, हवं तर वहिनींना विचारा... माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.