दूधगाडीचा काटा

शाहूपुरीत माझं गॅरेज होतं त्या काळात तिथे येणाऱ्या निम्म्या गाड्या दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या असत. लष्कराने लिलावात काढलेल्या आणि आमच्या व्यापाऱ्यांनी हौसेने उचललेल्या. वरून नवा रंग, आत सगळा आनंदीआनंद. त्यातलीच एक पिकअप एका दूधवाल्या व्यापाऱ्याची होती. राधानगरीच्या वाटेवरच्या खेड्यांतून पहाटे दुधाचे कॅन गोळा करायचे आणि आठाच्या आत कोल्हापुरात पोचवायचे, एवढंच तिचं काम. मुक्कामाला ती ड्रायव्हरच्याच गावात असे, इथून पंचवीसेक मैलांवर.

ड्रायव्हर तिशीतला, शेतकऱ्याच्या घरातला, अगदी कमी बोलणारा. मला तो आवडायचा, कारण सांगितलेलं ऐकायचा. बाकीच्यांचं तसं नव्हतं. चार वर्षं स्टेअरिंग धरलं की जो तो स्वतःला इंजिनियर समजायचा आणि गाडी बिघडवून माझ्या दारात आणून मलाच अक्कल शिकवायचा. मी तोंडाचा तिखट. अशांना मी उभं-आडवं घ्यायचो, आणि ते पुन्हा माझ्याकडेच यायचे.

तो माझ्याकडे यायला लागला त्याच्या दोन वर्षं आधी माझ्याच गॅरेजासमोर एका ड्रायव्हरने उकळत्या रेडिएटरचं टोपण उघडलं होतं. वाफेने तोंड भाजलं आणि एक डोळा कायमचा गेला. त्याला टांग्यात घालून नेताना त्याचं ओरडणं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. खंडेनवमीला आमच्याकडे पान्यांची, हातोड्यांची पूजा व्हायची, ड्रायव्हर मंडळी नारळ आणि झेंडूच्या माळा घेऊन यायची. त्या वर्षापासून मी नवा नियम काढला. पूजा झाली की प्रत्येकाने स्टेअरिंगवर हात ठेवून अंबाबाईची शपथ घ्यायची, की इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालीत, म्हणजे तबकडीवरच्या लाल पट्ट्यात, गेला की गाडी जागच्या जागी उभी करीन, आणि काटा खाली आल्याशिवाय बॉनेटला हात लावणार नाही. लोक हसायचे. कोणी काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायचा. हा मात्र डोळे मिटून एकेक शब्द म्हणायचा. मला धन्य वाटायचं. इतकी वर्षं झाली, पण तो आनंद आठवला की अजून माझी मलाच शिसारी येते.

एका पौषात त्याच्या चार वर्षांच्या मुलीला घटसर्प झाला. घसा धरलाय म्हणून दोन दिवस घरात हळद-मीठ चाललं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा श्वास अडकायला लागला. तेव्हा त्याने दुधाच्या कॅनना हातही लावला नाही, बायकोला आणि मुलीला शेजारी बसवलं आणि गाडी कोल्हापूरकडे सोडली. गाडी मोकळी, रस्ता रिकामा. दीड तासात दवाखाना गाठायला हवा होता. तो चार तासांनी पोचला. मुलगी शहराच्या तोंडाशी आल्यावर आईच्या मांडीवर गेली होती. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की दोन तास आधी आणली असती तर गळ्यातून नळी घालून श्वास चालू ठेवता आला असता.

वाटेत चार वेळा काटा लालीत गेला होता. चारही वेळा त्याने गाडी उभी केली होती. अर्धा-पाऊण तास थांबून किल्ली फिरवली की काटा खाली असायचा. मग निघायचं, आणि चार-पाच मैल गेलं की काटा पुन्हा वर. बायको म्हणत होती, जळली तर जळू दे गाडी, पण चला. तो म्हणत होता, इंजिन बसलं तर इथंच अडकू. त्या रस्त्याला प्रवासी गाडी दुपारनंतरच असे, सकाळी बैलगाड्यांशिवाय दुसरं वाहन नसे. त्याचं बोलणं वेड्याचं नव्हतं. हे सगळं मला दूधवाल्या मालकाकडून कळलं, आणि त्यानेच तीन दिवसांनी दुसऱ्या माणसाबरोबर गाडी माझ्याकडे पाठवली. रेडिएटर बदलून टाका, एवढा त्याचा निरोप होता.

मी रेडिएटर बघितला. पाणी स्वच्छ आणि भरपूर. पंख्याचा पट्टा ताठ. गळती कुठे नाही, ऑइलमध्ये पाण्याचा मागमूस नाही. मी गाडी कळंब्याच्या रस्त्याला काढली. चांगल्या रस्त्यावर काटा शहाण्यासारखा मधे होता. खडखडाट सुरू झाला तसा तो एका झटक्यात लालीत गेला. पाणी असं झटक्यात तापत नसतं, चढायला त्याला वेळ लागतो. मी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि तळहात रेडिएटरच्या टाकीवर टेकवून आकडे म्हणायला लागलो. उकळत्या टाकीवर तीन म्हणेपर्यंतसुद्धा हात टिकत नाही. मी दहापर्यंत पोचलो आणि हात तिथेच होता.

त्या गाडीचा काटा विजेवर चालायचा. इंजिनापासून त्याच्यापर्यंत एक वायर यायची, आणि त्याची तऱ्हाच अशी होती, की ती वायर तुटली की काटा थंडीकडे न पडता थेट लालीत जायचा. मी वायर चाचपत गेलो. इंजिनाकडून केबिनमध्ये शिरते त्या भोकाचं रबर कुजून गळून पडलं होतं, आणि पत्र्याच्या धारेने वायर घासून घासून कापत आणली होती. दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक. गाडी हादरली की त्या सुटायच्या, उभी राहिली की पुन्हा टेकायच्या. म्हणून थांबल्यावर काटा उतरायचा. म्हणून त्या माणसाला दर वेळी वाटलं असणार, की आपण थांबलो तेच बरं केलं.

वीतभर वायर. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. बॉनेट उघडून एकदा हात लावला असता तर त्याला कळलं असतं. तो हात मी बांधून ठेवला होता, दर वर्षी, नारळ फोडून.

गॅरेजात येऊन मी नवी वायर घातली. मालकाला सांगितलं, गाडी आता तापणार नाही. हे खोटं नव्हतं, आणि त्याने जास्त काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. बरोबर एक पुरुष, त्याच्या हातात गाठोडं. तिने ड्रायव्हरचं नाव घेतलं नाही, नुसतं दूधगाडीवरचं आमचं माणूस म्हणाली, तेवढ्यावरून मी ओळखलं. भाऊ तिला माहेरी, कुरुंदवाडला, घेऊन निघाला होता. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती आणि परत नांदायला यायचा तिचा विचार नव्हता. हे तिच्या भावाने सांगितलं. मी स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही.

ती म्हणाली, "मिस्त्री, गाडी तुमी बघितलीसा. खरं सांगा. त्या दिशी ती तापली हुती का न्हाय?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. एवढी वर्षं मला त्याचाच राग येतो. म्हटलं, "तापली हुती. थांबला नसता तर इंजिन जाम झालं असतं, आणि निम्म्या वाटंतच राहिला असता तुमी. त्याचा काय बी दोष न्हाय."

ती खाली, तिथल्याच ऑइलाच्या डागांत, मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तिचा भाऊ घाबरला. पाणी दिलं तर घेतलं नाही. बऱ्याच वेळाने उठली आणि भावाला म्हणाली, कुरुंदवाडला नको, मागं चल. दोघं राधानगरीच्या गाडीच्या थांब्याकडे गेली.

मला बरं वाटलं. एक संसार मोडता मोडता वाचला, असं मी त्या रात्री घरी सांगितलं. खोटं पुण्याचं असेल तर पाप लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. पण त्या खोट्याने मीही वाचलो होतो. गाडी खरंच तापली असती, तर माझा नियम बरोबर होता आणि माझी शपथ बरोबर होती. हे मी घरी सांगितलं नाही.

महिन्याभराने तो कामावर आला आणि सर्व्हिसिंगला गाडी घेऊन माझ्याकडे आला. पार वाळला होता. मी ऑइल बदलत असताना तो डॅशबोर्डखाली वाकून काहीतरी बघत राहिला. जुन्या काळ्या वायरींत माझी नवी लाल वायर उठून दिसत होती. रेडिएटर जुनाच होता, हेही त्याला दिसलंच असणार. मी पाना फिरवत राहिलो. म्हटलं, विचारेल तर काय सांगायचं ते ठरवून ठेवावं.

त्याने विचारलं नाही. गॅरेजात दुसरं कोणी नाही हे बघून तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, मला ठावं हाय. चौथ्या खेपंला थांबलो तवा मी लगीच बॉनेट उघडलं. शपथ मोडून टाकीला हात लावला. कोमट हुती."

म्हणजे तिथून पुढे तो काट्याकडे न बघता आला होता, आणि तोवर उशीर झाला होता. मी म्हटलं, नियम माझा होता, चूक माझी आहे. त्याने मान हलवली. ते ऐकायला तो आलाच नव्हता.

"मी तिला सांगणार हुतो. रोज धीर गोळा करत हुतो," तो म्हणाला. "ती माहेरी निघाली त्या दिशी बी सांगणार हुतो, पर तोंड उघडलं न्हाय. मग ती मागं आली. आली ती थेट माझ्या पायावर डोस्कं ठेवलं. म्हणली, मी तुमास्नी वंगाळ बोलले, माझं चुकलं, मला पदरात घ्या. आता मी तिला कसं सांगू, मिस्त्री?"

मी पाना खाली ठेवला. मी म्हणालो, नको सांगू. दुसरं काय म्हणणार होतो? तो उठला, गाडी सुरू केली आणि दूध आणायला गेला. त्यानंतर दहा वर्षं तो माझ्याकडे येत होता, आणि घरी त्याची क्षमा मागून बसलेली त्याची बायको होती.