पहिल्या हाकेला ओ

"मावशी, शुद्धलेखन राहू द्या. आधी खेळून बघा," तेजस म्हणाला आणि त्यानं कीबोर्ड माझ्यापुढं सरकवला.

मी जालन्यात डीटीपीचं दुकान चालवते. कॉम्प्युटर माझा मीच शिकले, चुका करत करत. वरच्या मजल्यावर तेजसचं गेम बनवायचं ऑफिस आहे, तिथली मराठी वाक्यं मी तपासून देते. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं उतरलेली. पुण्याचे क्लायंट दोनदा म्हणाले होते, गोष्टीत दम नाही. आता तिसऱ्यांदाही पटली नाही तर प्रज्ञाची गोष्ट काढून ते स्वतःचा लेखक बसवणार होते. प्रज्ञा बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारी पोरगी. दोन वर्षं ती या एकाच गोष्टीमागं होती.

खेळ असा. भर दुपारी बाराला सुमी उसाच्या फडाकडून चाललीय. आतून आईची हाक येते. सुमी "ओ" म्हणते अन् आत शिरते. वाट चुकते. मंग मामा येऊन तिला विळा देतो, एक म्हातारी वाट दाखवते, शेवटी कुत्रा तिला ओढून बाहेर काढतो. मी नुसतं चालायचं बटण दाबत बसले.

"अगं, आई तर पहिल्या सीनमधे घरी भाकरी थापून राह्यली होती ना?"

"हो मावशी."

"मंग फडात कोण?"

"तेच तर भूत आहे!"

"ते तुला ठाऊक. सुमीला शंका नको यायला? हिच्यापेक्षा लग्नातली नवरी बरी, ती निदान हार तरी घालते."

तेजस हसला. प्रज्ञाचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, म्हणून जवळ बसून विचारलं, "तुझ्या आजीनं तुला पहिल्या हाकेला ओ द्यायला शिकवलं का गं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. आमच्याकडं सांजवेळी, भर दुपारी तीन हाका झाल्याशिवाय कुणी ओ देत नाही. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं जे असतं, ते दोनदाच मारतं.

"ओ चं बटणच करते," प्रज्ञा एकदम म्हणाली. "सुमी आपोआप बोलणारच न्हाई. द्यायचा की न्हाई, खेळणाऱ्यानं ठरवायचं." मामा, म्हातारी, कुत्रा, तिघंही तिनं त्याच दिवशी काढून टाकली.

राहिली हाक. ऑफिसात रेकॉर्ड केलेली हाक ऑफिसातलीच वाटे. म्हणून आम्ही तिघं अंकुशनगरच्या पुढं, माझ्या चुलतभावाच्या फडावर गेलो. बाराचं ऊन. वारा बिलकुल नाही. प्रज्ञानं मोबाइल धरला. मी हाक मारली, "सुमेऽऽ".

उसाचं वाळलं पाचटसुद्धा हललं नाही.

"सुमेऽऽ".

"ओ." आतून. बारीक, पोरीचा आवाज.

"कोण हाय रे?" तेजस ओरडला. कुणी बाहेर आलं नाही. ऊसतोड सुरू झालेली नव्हती, म्हणजे आत मजूरही नव्हते. सुमी नावाची पोरगी त्या शिवारात नाही, असं भावानं नंतर सांगितलं. पण तेव्हा माझ्या मनात वेगळंच आलं. दोनच हाका झाल्या होत्या, अन् त्या मारणारी मी होते.

मी तिसरी हाक मारली. जी कुणी असेल तिला कळावं, की बाहेर माणूस आहे.

ओ आला नाही. आम्ही तडक मोटारीत बसलो. ते रेकॉर्डिंग तेजसनं पुसलं, हाका ऑफिसातच रेकॉर्ड केल्या, अन् सुमीचा ओ प्रज्ञानं स्वतःच्या आवाजात दिला.

क्लायंट आले. पहिल्याच हाकेला त्यांनी बटण दाबलं, सुमीच्या मागं ऊस मिटला, खेळ संपला. पुन्हा बसले. दुसऱ्या हाकेला त्यांचं बोट बटणावरच अडून राहिलं.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच ठरवा, सर," प्रज्ञा म्हणाली.

त्यांनी बोट उचललं. तिसरी हाक आलीच नाही, अन् सुमी फड ओलांडून पुढं निघून गेली. क्लायंटना पटली, गोष्ट प्रज्ञाचीच राहिली.

मी यातून एवढंच शिकले: गोष्टीतल्या माणसाला करायला काहीतरी द्या. न करायला दिलं तरी चालतं, पण ते त्यानं स्वतः ठरवलेलं पाहिजे.