जुळाऱ्याचे एक वाक्य

छापखान्यातले खिळे मोडीत निघून वीस वर्षे झाली, तरी जुळारीकाकांचे नाव काही बदलले नाही. एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळी जुळवणारे त्यांचे हात आता खिडकीशी प्रुफे तपासत. स्वल्पविराम हलला तरी त्यांचा जीव खालीवर होई.

मालकांच्या लेकीने कारभार हाती घेतला आणि एक जुनी कादंबरी नव्याने काढायचे ठरवले. लेखक जाऊन शंभर वर्षे झालेली, हक्क कधीच संपलेले. तिने लांबण कापली, भाषा सोपी केली. मुखपृष्ठावर मात्र नाव एकट्या लेखकाचे. काकांचे डोके फिरले.

“ज्याला उठून भांडता येत नाही, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे?”

“काका, कायद्याची आडकाठी नाही.”

“कायद्याची नसेल गं. त्याची?”

“बरं बाबा! पण चांगलं ते ठेवलंय ना मी. हे बघा, मलपृष्ठावर घेतलंय.” तिने कागद पुढे सरकवला. ‘दार उघडेच होते; आत जायचे धाडस मात्र कोणी बरोबर आणले नव्हते.’

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. चाळीस वर्षांपूर्वी हीच कादंबरी जुळवताना एका प्रकरणाचा शेवटचा शब्द कोऱ्या पानावर एकटाच पडत होता. मालक परगावी, यंत्र खोळंबलेले. पान अगदीच उघडे दिसू नये म्हणून काकांनी पदरचे एक वाक्य जुळवून दिले. पुढच्या आवृत्त्या त्याच प्रतीवरून निघत गेल्या.

गप्प बसले असते तर कोणाला कळणार होते? पण मग पोरीशी भांडायला तोंड उरले नसते.

“ते माझं आहे,” ते म्हणाले आणि सगळे सांगून मोकळे झाले.

ती आधी खो खो हसली. मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. “तरीच! अख्ख्या पुस्तकात याच वाक्याला कात्री लावावीशी वाटली नाही.”

“लाडीगोडी नको. काढ ते.”

“काढते. आणि माझं काय?”

“संक्षेप केलास ना? मग नाव घाल तुझं. काय काय बदललंस ते पहिल्या पानावर लिही. सगळ्यात वर माझा गुन्हा.”

आठवड्याने त्या यादीचे प्रूफ त्यांच्या टेबलावर आले. पहिल्याच ओळीत त्यांचे वाक्य आणि पुढे ‘हे जुळाऱ्याचे, आता वगळले आहे.’ काकांनी ते तीनदा वाचले. त्यातला ‘मात्र’ त्यांना फार खटकला. तो नसता तर वाक्य किती सुटसुटीत झाले असते! लेखणी कागदाला टेकलीसुद्धा.

मग त्यांनी तिला टोपण लावले आणि छापले होते तसेच राहू दिले.