योगिनीनं छाटलेलं वर्ष

...नाय नाय, तिथून नको. घंटीपासून लिही, साक्षे. पण आधी योगिनी कोण ते टाक, वाचणाऱ्याला कळाया पायजे. माझी धाकटी सून, तुझी काकू. नाशकात इंदिरानगरला राहती. तिची पोरगी तेजस्विनी, दहा वर्षांची, शाळेत जात नाय, घरीच शिकती. झालं?

आता घंटी. मागच्या जूनात मी दवाखान्यासाठी त्यांच्याकडं राह्यले होते. सकाळी घंटी वाजली. मी म्हटलं आरती सुरू झाली. उठले, हात जोडून देवघरापुढं उभी. तर देवाची घंटी जाग्यावर नाय! बघती तर ती योगिनीच्या हातात, अन् तेजू युनिफॉर्म घालून टेबलाशी. गणिताचा तास चालू! हसू नको, लिही.

बिचारीची चूक नव्हती गं. शाळेत तेजू मोठ्यानं वाचाया लागली की अडखळायची, पोरं हसायची. मंग रोज सकाळी पोट दुखायचं. म्हणून योगिनीनं तिला घरी घेतली. पण घरी शिकवायचं म्हंजे कसं, हे तिला तरी कोणी दाखवलं होतं? तिनं आपली शाळाच घरात आणून मांडली. सकाळपासून तास, चाचण्या, भिंतीवर हा एवढा तक्ता. दिवाळीपर्यंत तेजूचं पोट परत दुखाया लागलं.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला गं, सगळे इकडं गावी आले. आमरसाच्या ताटावरच शेखर, माझा धाकटा, बोलला, "एक वर्ष बघितलं. जूनला तिचं शाळेत नाव टाकतो."

तेजूनं हातातली पोळी खाली ठेवली. योगिनी म्हणली, "जूनपर्यंत मला वेळ द्या. मी पुढच्या वर्षाची नीट तयारी करते."

"मागच्या वर्षी काय कमी तयारी होती?" शेखर म्हणला. खोटं कुठं होतं ते?

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर नवा तक्ता घेऊन बसली. आधीच्यापेक्षा मोठा! रंगीत चिठ्ठ्या चिकटवती आपली. तेवढ्यात तुझ्या बापानं हाक मारली. द्राक्षबागेत एप्रिलची छाटणी चालू, बाया कमी पडलेल्या. ही लगेच पदर खोचून निघाली. शहरातली हाय, पण कामाला कधी नाय म्हणत नाय.

आता बागेचं तुला ठाऊक, पण लिही. एप्रिलात हिरवीगार काडीसुद्धा कापायची अन् एकच डोळा, म्हंजे कोंब फुटायची जागा, ठेवायचा. उन्हाळ्यात त्यातून नवी काडी फुटती. घड लगेच नाय येत. ऑक्टोबरात परत छाटायची, तवा माल धरतो. योगिनीला हिरव्या काडीची दया यायची. तीन-चार डोळे ठेवून कापायची.

तुझा बाप मागून ओरडला, "योगिनी, झाडाला ओझं देती का? सगळंच ठेवलं तर काडी पोसल कशी?"

"पण दादा, चांगली हिरवी आहे हो!"

"हिरवीच हाय गं. तरी काप."

मंग तिनं एकच डोळा ठेवून कापली. संध्याकाळी तेजूला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, एकच ठेवायचं म्हटलं तर काय ठेवू?"

पोरगी म्हणली, "गोष्टी. पण कोणी हसणार नसेल तर."

योगिनीनं त्या तक्त्यावरच्या चिठ्ठ्या काढाया सुरवात केली. चाचण्या काढल्या, इंग्रजीचे निबंध काढले, नाशकात गेल्यावर घंटी देवाला परत दिली. राह्यलं काय? सकाळी गोष्ट, अन् हिशोब सैपाकघरात, मापं घेता घेता. मे महिनाभर वाचनालयातनं पुस्तकं आणली, एकेक आधी स्वतः वाचलं. तिच्यासारख्या घरी शिकवणाऱ्या दोघी तिकडं हायेत, त्यांच्याशी रविवारी पोरं एकत्र खेळवायचं ठरवलं. एवढं कष्ट करून तक्ता मोकळाच दिसाया लागला बघ!

अन् दुपारी काय ठेवलं? मी! तिनं मला फोन करून विचारलं, "आई, तेजू तुम्हाला रोज वाचून दाखवेल. ऐकाल का?"

मी म्हटलं, "अगं, मला एक अक्षर येत नाय."

"म्हणून तर तुम्ही," ती म्हणली.

आता बोल, असं कुणाला सुचतं? मला वाचताच येत नाय, मी कशी हसू? पहिल्या दिवशी पोरगी फोनवर एका शब्दाला अडली. मी आपली वाट बघत राह्यले. हत्तीची गोष्ट होती, मला पुढचं ऐकायचं होतं ना! मंग तिनं तो शब्द काढला अन् गेली पुढं.

जूनात शेखर शाळेचा फॉर्म घेऊनच घरी आला. तक्ता बघून म्हणला, "बाकीचं कुठंय?"

"छाटलं," योगिनी म्हणली.

"अन् माल?"

"एप्रिलात कोणी माल मागतं का? आधी काडी बनू द्या."

बागाइतदाराचा पोरगा तो, त्याला लगेच कळलं. हसला अन् म्हणला, "बरं. दिवाळीपर्यंत."

पण फॉर्म त्यानं फाडला नाय, कपाटावर ठेवलाय. तो योगिनीला रोज दिसतो. म्हणून तर तुला बसवलं लिहाया. हे लिहून झालं की शेखरला नेऊन दे. म्हणावं, आईनं सांगितलंय, मनात वाचू नको, तेजूपुढं बसून मोठ्यानं वाच. माझं बोलणं कागदावर वाचताना तो अडखळणारच. तेजूला सांग, हसू नको म्हणावं.